कंबोईला डमी उलटी गेली

नदीत माणूस वाहून गेला की शोध खालच्या अंगाला घ्यायचा, हे आमच्या बडोद्याच्या बचाव पथकाच्या अंगात भिनलेलं आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची खूण 26 फुटांवर आहे), तेव्हा अकोटा, मुजमहुडा, समा या भागांत पाणी शिरलं. त्या पाण्यात मगरी होत्या. आमची मुलं तरीही उतरली. त्यांचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून हे काम करणारी ही मुलं.

पण बडोद्याहून पादरा, जंबुसर करत गेलं की दोन-अडीच तासांत कावी-कंबोई येतं, आणि तिथे मही नदीला समुद्र भेटतो. भरतीत बुडणारं आणि ओहोटीत पुन्हा उघडं पडणारं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बघायला आपल्याकडची कितीतरी कुटुंबं जातात. खंभातचं आखात आत येता येता निमुळतं होतं, त्यामुळे भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. मुंबईच्या किनाऱ्याच्या हिशेबाने हे दुपटीहून जास्त. म्हणून समुद्रावरचा सराव हवाच, असं आम्ही ठरवलं आणि अमावास्येच्या आसपासचा रविवार धरला. शिकवायला कोकणातले, नौदलातून निवृत्त झालेले सर होते.

सकाळ गाळात गेली. इथला गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत गिळतो. अडकलेला माणूस पाय सरळ वर ओढतो, खाली पोकळी तयार होते आणि पाय आणखी घट्ट धरला जातो. सरांनी एकेकाला मुद्दाम अडकवून शिकवलं: आधी मागे रेलायचं, वजन पसरायचं, मग पाय हळूहळू हलवत बाजूने पाणी आत जाऊ द्यायचं. सोडवणाऱ्याने प्लायवूडच्या फळीवर पोटावर पडूनच जवळ जायचं. दोर बांधून जोराने ओढलं तर माणसाचा खुबा निखळू शकतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. 9 जुलै 2025 ला मुजपूर-गंभीरा पूल कोसळून गाड्या महीत पडल्या, तेव्हा तळातला गाळ शोधकार्यात किती आडवा येतो ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंच आहे.

मग शोधाचा सराव. ओहोटीची तळवेळ अकराच्या सुमाराला होती. सर आणि मी एका छोट्या होडीतून जाऊन 10:35 ला माणसाच्या वजनाची, लाइफजॅकेट घातलेली डमी धारेत सोडली. नोंदवही माझ्याकडे होती. पथकाला बारा वाजता निरोप दिला: एक मच्छीमार पाण्यात पडला, शेवटचा अमुक ठिकाणी, 10:35 ला दिसला. निरोपात सगळं होतं.

बोट निघाली ती थेट समुद्राकडे. शिस्त उत्तम होती. दोघं डावीकडे बघतायत, दोघं उजवीकडे, एकाचं बोट नकाशावर. चौकोन वाढवत वाढवत शोध चालला होता आणि प्रत्येक चौकोन डमीपासून लांब जात होता. मला किनाऱ्यावर उभं राहवेना.

“सर, वायरलेसवर सांगू का?”

“थांब गं. शोधू देत.”

बोट चालवणाऱ्या नाखव्याला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की, पोरं सांगतील तिकडे न्यायची. पण अर्ध्या तासाने त्याच्याने राहवलं नाही. वायरलेस चालू राहिला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. त्याने एवढंच विचारलं, “केटला वागे नाख्युं?” (किती वाजता टाकलं?) आमच्या मुलाने वेळ सांगितली. नाखव्याने बोट वळवली आणि महीच्या पात्रात आत घातली.

10:35 ला सोडलेली डमी थोडा वेळ समुद्राकडे गेली असणार, पण अकरानंतर पाणी फिरलं आणि त्याने तिला उचलून आत नेलं. सोडली होती तिथून चारेक किलोमीटर आत, गाळाच्या एका उंचवट्याला ती टेकलेली सापडली. पुढचं काम मात्र मुलांनी सुंदर केलं. कुणीही उडी मारली नाही. फळ्या टाकल्या, दोघं पोटावर सरकत गेले, तिसऱ्याने दोर धरला आणि डमी बोटीत आली. सकाळचं शिकणं दुपारी हातात उतरलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

नंतरच्या चर्चेत सरांनी कुणाला रागावलं नाही. त्यांनी भरतीचं वेळापत्रक पसरलं आणि प्रत्येकाकडून दर अर्ध्या तासाला डमी कुठे असेल ते काढून घेतलं. आता आमच्या निरोपाच्या कागदावर पहिला रकाना वेळेचा आहे, दुसरा त्या वेळच्या पाण्याच्या दिशेचा. ठिकाण तिसरं.

कंबोईला जाणाऱ्यांनी परतीची वेळ भरतीवरून आधीच ठरवावी आणि ओला गाळ तुडवत पाण्याकडे जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. समुद्रात कुणी अडचणीत दिसलं तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या.

पुढचा सराव पौर्णिमेच्या उधाणात. डमी या वेळी तोच नाखवा टाकणार आहे, आणि निरोपात तो आम्हाला फक्त वेळ आणि ठिकाण सांगेल. पाण्याची दिशा आमची आम्ही काढायची.