उतरण

शरीराला सर्वांत जास्त दमवणारे असे आयुष्यात काय केले, हा प्रश्न चारचौघांत निघाला की माझी पंचाईत होते. कोणी पहाटे निघून रात्री माथ्यावर पोचलेल्या चढाईचे वर्णन करतो, कोणी मॅरेथॉनचे तिसावे किलोमीटर ओलांडल्यावर स्वतःचे पाय कसे परके वाटू लागले ते सांगतो, आणि एखादी आई बाळंतपणाच्या कळांचे नुसते नाव घेते की आधी बोललेल्या सगळ्यांना गप्प बसावे लागते. अशा मैफलीत मी काय सांगणार? मी एक कपाट चौथ्या मजल्यावरून खाली आणले होते. वर नेले नव्हते, खाली आणले होते. हे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते इतक्यांदा पाहिले आहे की हल्ली 'वर नेले' असे ठोकून द्यावे, असा मोह होतो.

कपाट आजीचे होते. जाड लाकडाचे, दोन दारांचे, माझ्या खांद्याच्या वर येणारे, आणि वजन अंदाजे ८० किलो. घर बदलायचे होते, लिफ्टच्या दारातून ते काही केल्या आत जाईना, आणि उचलायला माणसे बोलवायची तर दुसरा दिवस उजाडणार होता. तेव्हा मामा म्हणाले, "खालीच तर न्यायचंय!" त्या वाक्यातल्या 'च'वर मी विश्वास ठेवला. तेव्हा मी पंचविशीत होतो, आणि त्या वयात माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

मामा वरच्या बाजूला, मी खालच्या. जिन्यावर ओझे तिरपे झाले की त्याचा भार खालच्या माणसाकडे झुकतो, हे मला पहिल्या चार पायऱ्यांतच कळले, आणि मामांना ते आधीपासून ठाऊक असावे असा माझा संशय अजून फिटलेला नाही. मी उलटा उतरत होतो. पायरी दिसत नव्हती. पाय मागे न्यायचा, चवड्याने हवेत चाचपडायचे, कड लागली की टाच टेकवायची आणि मग कपाटाला आपल्या अंगावर तेवढे येऊ द्यायचे. त्याची खालची कड बोटांच्या मधल्या पेरात रुतली होती. कपाळावरचा घाम भुवईवर थांबून विचार करत असल्यासारखा रेंगाळला आणि मग सरळ डोळ्यात उतरला. तो पुसायला हात मोकळा नव्हता. मामा वरून "दमानं, दमानं" म्हणत होते.

तिसऱ्या मजल्याच्या खाली, जिना जिथे वळतो तिथे, कपाटाचा एक पाय कठड्याच्या गजांत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. खाली टेकवावे तर दुसरा पाय पायरीबाहेर लोंबत होता. मामा म्हणाले, "तू धर. अजिबात हलू नकोस. मी बघतो." मग त्यांनी एक हात काढून घेतला, आणि थोड्या वेळाने, माझ्या मते फारसा विचार न करता, दुसराही.

तिथे मी किती वेळ उभा होतो? मामांच्या म्हणण्याप्रमाणे दोन मिनिटे. एवढ्यात एक लहान मुलगा शाळेचे दप्तर घेऊन वर जायला आला, वाट बंद पाहून खालच्या पायरीवर थांबला आणि बराच वेळ निरखून त्याने विचारले, "काका, यात काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही. रिकामं आहे." पंचविसाव्या वर्षी काका झाल्याचे दुःख करण्याइतकीही ताकद माझ्यात उरली नव्हती. हात आधी कोपरापाशी बारीक थरथरले, मग ती थरथर खांद्यापर्यंत चढली आणि अखेरीस कपाटाची दारेच खडखडू लागली. मामा वरून ओरडले, "हलू नकोस म्हटलं ना!"

या प्रसंगाचा पुढे मी एकदा कागदावर हिशेब मांडला, आणि ती चूक झाली. ८० किलोची वस्तू १२ मीटर उंचीवरून खाली आली, म्हणजे सुमारे ९,४०० ज्यूल, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोकॅलरी. चमचाभर, म्हणजे ४ ग्रॅम, साखरेत १६ किलोकॅलरी असतात. बरे, ही सव्वादोनही आम्ही कपाटाला दिलेली नव्हे. कपाटानेच खाली येताना ती मोकळी केली आणि आमच्या स्नायूंनी ती उष्णता म्हणून पचवली. भौतिकशास्त्राच्या वहीत त्या दिवशी मामा आणि मी घेणेकरी नसून देणेकरी निघतो. आणि ज्या दोन मिनिटांत माझे हात जायची वेळ आली होती, त्या वेळात कपाट तसूभरही न हलल्यामुळे माझे कार्य शून्य भरते.

शरीरशास्त्र तरी माझ्या बाजूने उभे राहील म्हणून तिकडे पाहिले. तिथे १९५२ सालचा एक प्रयोग भेटला. ॲबट, बिगलँड आणि रिची या इंग्लंडमधल्या तिघा संशोधकांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायंडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पायंडलांना नुसते अडवायचे. दोघांचा जोर सारखा. पण अडवणाऱ्याला मारणाऱ्याच्या मानाने फारच थोडा प्राणवायू लागत होता. प्रयोग लोकांपुढे दाखवताना तर लहान चणीच्या बिगलँडबाई नुसत्या पाय रोखून बसत आणि समोरचा धिप्पाड गडी पार घायकुतीला येई. म्हणजे ओझे चढवण्यापेक्षा उतरवणे स्वस्त, हे मापून सिद्ध झालेले आहे. लोकांच्या चेहऱ्यावर मला जे दिसते, तेच त्या प्रयोगाच्या आकड्यांतही होते.

इथे मी हार मानणार होतो, पण प्रयोगात मोजला होता तो श्वास, आणि त्या जिन्यावर मला दम लागलेलाच नव्हता. छातीचा भाता चालत नव्हता, त्या मुलाशी मी धापा न टाकता बोललो होतो. मराठीत यासाठी वेगळा शब्द आहे: माझे हात भरून आले होते. पळणाऱ्याला दम लागतो, उभे राहणाऱ्याचे पाय भरून येतात, चालून चालून ते आंबतात, तापात अंग मोडून येते, काळजीने माणूस शिणतो. ही सगळी दुखणी 'थकवा' नावाच्या एकाच खुंटीला टांगायचे काम आपल्या आज्यांनी कधी केले नाही, आणि त्यांच्यापाशी प्राणवायू मोजायचा मुखवटाही नव्हता.

हात भरून येतो म्हणजे काय होते, तेही आता ठाऊक आहे. स्नायूच्या आत दोन प्रकारचे तंतू एकमेकांत आकड्यांसारखे अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. वस्तू हलत नसली तरी त्यांची ही अडकासोडवण थांबत नाही आणि दर खेपेला इंधन जाते. त्यातच जोराने आवळलेला स्नायू स्वतःच्या पोटातल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो. हालचाल असेल तर आवळणे आणि सैल होणे आळीपाळीने चालते आणि त्या फटीतून रक्त वाहते. मला सैल व्हायची सोय नव्हती. म्हणजे माझ्या छातीत हवा भरपूर होती, हृदय बिचारे तयारीत होते, आणि बाहूंत मात्र दुष्काळ. डोंगर चढणारा थांबला की विसावतो. माझे थांबणे हेच काम होते.

शेवटी मामांनी पाय सोडवला, ओझे पुन्हा हालले आणि उरलेले अडीच मजले, खोटे वाटेल, पण सोपे गेले. खाली आल्यावर कपाट जमिनीला टेकले आणि मी हात सोडले, तर बोटे उघडेनात. कपाटाच्या कडेचा आकार धरून ती तशीच वाकलेली राहिली, जणू एक अदृश्य कपाट अजून माझ्या हातात होते. पाण्याचा पेला मी दोन्ही तळव्यांत धरून प्यायलो, त्यातलेही निम्मे छातीवर सांडले. मामा शेजारी बसून रुमालाने सावकाश मान पुसत होते.

आणि उतरण स्वस्त असते म्हणतात, तर तिची वसुली नंतर होते. त्या संध्याकाळी मी चालता-फिरता होतो; दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या दगड झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दुखण्याने कळस गाठला. ताणाखाली स्नायू लांबत असताना जोर लावला, म्हणजे ओझे रोखत उतरलो, की त्याच्या आतल्या बारीक धाग्यांना इजा होते, आणि हे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांनी भरात येते. कित्येक वर्षे याचे खापर लॅक्टिक आम्लावर फुटत असे. दही आंबवणारे ते हेच आम्ल, त्यामुळे 'अंग आंबले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते कारण लगेच पटावे यात नवल नाही. पण विश्रांती मिळाली की तास-दोन तासांत रक्तातले ते वाढलेले प्रमाण पूर्ववत होते. तिसऱ्या दिवशी दुखायला ते जागेवर नसतेच. शब्द चांगला, कारण चुकीचे. तरीही मी तो वापरणे सोडलेले नाही, कारण त्या मांड्यांना दुसरे काही म्हणता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी नव्या घराचा जिना कठडा धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरलो. चढताना काही वाटत नव्हते, पण उतरताना प्रत्येक पायरी मामांची आठवण करून देत होती. रात्री त्यांचाच फोन आला.

"काय, कपाट बसलं का नीट?"

"बसलं."

"आणि तू?"

"मी बसलो की उठता येत नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग मामा हळूच म्हणाले, "मलाही."