ड्राइव्ह ओढला, पण हँडल उघडंच होतं

तक्रार एका ओळीची होती: "ऑपरेटरने चालू रेकॉर्डिंगमध्ये ड्राइव्ह काढला, मशीन गोठलं." खाली आमच्याच सपोर्टचा शेरा: "युजरची चूक. सेफली रिमूव्ह करायला सांगणे." तो शेरा मला अजून खुपतो. आमचे ड्राइव्ह शूटिंगच्या गाडीत वापरतात; त्यांना विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. एक भरला की ऑपरेटर तो ओढतो, दुसरा सरकवतो. चार कॅमेरे चालू असताना टास्कबारवरचं चिन्ह शोधत बसायला त्याला वेळ कुठून मिळणार?

लॅबमध्ये आमच्या टेस्टरने रेकॉर्डिंग चालू ठेवलं, अंगठ्याने खटका दाबला आणि ड्राइव्ह ओढला. हिरवा दिवा विझला. माउस जागच्या जागी थिजला. थोड्या वेळाने निळा स्क्रीन: डीपीसी वॉचडॉग, कोड १३३. म्हणजे ड्रायव्हरचं तातडीचं काम (डीपीसी) ठरल्या वेळात संपलं नाही.

पीसीआय एक्स्प्रेस या मशीनमधल्या वेगवान जोडणीवरचं डिव्हाइस निघून गेल्यावर त्याचं रजिस्टर (स्थिती सांगणारा छोटा कप्पा) वाचलं तर ड्रायव्हरला एरर मिळत नाही, सगळेच्या सगळे ३२ बिट १ मिळतात. आमच्या रिसेटच्या कोडमध्ये 'बिझी बिट (डिव्हाइस कामात असल्याची खूण) शून्य होईपर्यंत थांब' असा लूप होता. डिव्हाइसच नाही, म्हणजे तो बिट कायमचा १. लूपला वेळेची मर्यादा नव्हती, आणि तो चालत होता डीपीसीमध्ये, जिथून बाहेर पडल्याशिवाय त्या प्रोसेसरवर दुसरा कुठलाही थ्रेड, म्हणजे कुठल्याच प्रोग्रॅमचं काम, चालू शकत नाही. मर्यादा घातली. शिवाय सगळे १ आले की व्हेंडर आयडी (उत्पादक कंपनीचा क्रमांक) वाचायचा, तोही सगळा १ असेल तर ड्राइव्ह गेला असं धरायचं. कारण तसा आयडी कुठल्याच कंपनीला दिलेला नसतो. हा भाग मी मन लावून लिहिला.

मशीन गोठणं थांबलं. पण टेस्टरने दुसरा ड्राइव्ह सरकवला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. मशीन रीस्टार्ट केलं की तोच ड्राइव्ह व्यवस्थित चालायचा. यात माझे चार दिवस गेले.

ड्राइव्ह अचानक गेला की विंडोज ड्रायव्हरला आधी 'सरप्राइज रिमूव्हल' कळवतं. खरा 'रिमूव्ह डिव्हाइस' येतो तो त्या डिव्हाइसवरचं शेवटचं उघडं हँडल (सॉफ्टवेअरने डिव्हाइस उघडल्यावर त्याला मिळणारा ताबा) बंद झाल्यावर. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हँडल धरून बसलं होतं, एरर येत असूनही पुन्हापुन्हा लिहीत होतं. आणि आमचा ड्रायव्हर स्लॉटच्या नावाची सिम्बॉलिक लिंक (ज्या नावाने सॉफ्टवेअरला ड्राइव्ह सापडतो ती नोंद) पुसायचा ती 'रिमूव्ह डिव्हाइस'मध्ये. माणूस गेला तरी सातबाऱ्यावर नाव राहावं, तसं जुन्या ड्राइव्हचं नाव तिथेच होतं. नवा आला, तेच नाव मागितलं, 'नाव आधीच आहे' म्हणून स्टार्ट फेल.

आमच्या कोडचा सांगाडा फार जुन्या ड्रायव्हरवरून उचललेला आहे. सरप्राइज रिमूव्हल विंडोज २००० पासून आलं. विंडोज ९८ मध्ये थेट रिमूव्हच यायचा. त्या काळात सगळी आवराआवर एकाच ठिकाणी लिहिणं चालून जायचं. पुढे इतक्या जणांनी कोड रिव्ह्यू केला, पण एकानेही चालू रेकॉर्डिंगमध्ये ड्राइव्ह ओढून बघितला नव्हता. आता सरप्राइज रिमूव्हल आलं की लिंक लगेच पुसतो, अडकलेल्या सगळ्या विनंत्या एररने पूर्ण करतो, नव्या नाकारतो आणि हार्डवेअरला हात लावत नाही. त्या ड्राइव्हसाठी ड्रायव्हरने घेतलेली मेमरी मात्र शेवटचं हँडल बंद होईपर्यंत सोडत नाही. टेस्टरने त्या दिवशी दोनशे वेळा ओढून-सरकवून पाहिलं, त्याचा अंगठा लाल झाला होता. ही चिकाटी आमच्याकडे फार थोड्यांकडे आहे.

ग्राहकाचं चित्रीकरण मात्र परत आलं नाही. शेवटचे काही सेकंद ड्राइव्हच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, होते. 'लिहिलं' असं उत्तर आम्ही वर कळवलं होतं, ते चिपवर पोचायच्या आत ड्राइव्हची वीज गेली. दर सेकंदाला फ्लश करणारा, म्हणजे कॅशमधलं चिपवर उतरवायला लावणारा, पॅच मी लिहून ठेवला आहे. तो लावला की चौथ्या कॅमेऱ्याच्या फ्रेम गळतात. न लावता पुढची आवृत्ती द्यायला माझं मन तयार होत नाही, आणि तारीख शुक्रवारची आहे.