बसल्या जागी काढलेली लाईन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक काका ११ दिवसांनी आमच्या आयसीयूतून वॉर्डात चालले होते. मानेतली सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, तेवढी काढायची राहिली होती. काका उशीला टेकून बसलेले, ट्रॉली दारात, आणि खालून नवा पेशंट येतोय म्हणून फोनवर फोन. मी टाके कापले, लाईन ओढली. अडली असती तर थांबले असते. अडलेली लाईन जोर लावून काढायची नसते, आधी एक्स-रे. पण ती सुळकन आली. टोक शाबूत. गॉझ दाबला, रक्त थांबलं, वर चिकटपट्टी लावली.

काका खोकले. "सिस्टर, छातीत कसंतरीच हुतंय," म्हणाले आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९७ टक्क्यांवरून ८१ वर आलं.

लाईन काढताना आपण सगळे रक्ताला भितो. खरी भीती हवेची. माणूस बसला की मानेच्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि श्वास आत घेताना छाती त्या भोकातून हवा ओढते. म्हणून आडवं झोपवायचं, डोकं खाली, श्वास रोखायला लावायचा किंवा सोडताना काढायची. हे मी दर बॅचच्या मुलींना शिकवते.

चिकटपट्टी उपटून भोकावर अंगठा दाबला. काकांना डाव्या कुशीवर घेतलं, म्हणजे हवा हृदयाच्या उजव्या बाजूलाच वर अडून राहते, फुफ्फुसाकडे कमी सरकते. पलंगाचं हँडल नेमकं अडकलं. वॉर्डबॉय मामांनी पायाकडची बाजू उचलली आणि खाली लाकडी ठोकळे सारले. तोवर दुसऱ्या सिस्टरनं मास्कनं फुल ऑक्सिजन सुरू केला, डॉक्टर धावत आले. ईसीजी, इको झालं. माझा अंगठा मात्र व्हॅसलीन गॉझ आणि हवाबंद ड्रेसिंग लागेपर्यंत हलला नाही.

अर्ध्या तासानं ९५. काकूंनी दारातूनच विचारलं, "नळी काढल्यावर कुणाला असं हुतंय व्हय?"

"होतं," म्हटलं. "माझी घाई झाली."

नोट्समध्ये 'लाईन काढली, टोक शाबूत' एवढ्यावर भागलं असतं. मी पुढं 'पेशंट बसलेला होता' असं लिहिलं आणि सही केली.