जेवणानंतरची रीडिंग्स

जर्मनीला जाऊन आलं की लोक दोनच प्रश्न विचारतात : खायचे हाल झाले का, आणि पगार किती होता. हाल झाले नाहीत, आईने मेतकूट आणि गोडा मसाला भरभरून दिला होता. फोडणी घातली की हॉस्टेलचा स्मोक अलार्म बोंबलतो हा किस्सा जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो, माझाही तोच आहे, म्हणून सोडून देते. पगार नव्हता, इंटर्नशिपचा स्टायपेंड होता, ‘डाड’ (DAAD) या जर्मन संस्थेच्या ‘वाइज’ शिष्यवृत्तीचा. तिच्यासाठी तिथल्या प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र आधी आपणच मिळवायचं होतं. मी एकेचाळीस मेल पाठवले, त्यातले बरेचसे भांडुप ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये, उभ्याने, एका हाताने. तीन उत्तरं आली. दोन ‘नाही’. तिसरं ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावाहून.

काम ऐकायला पोरखेळ वाटावं असं होतं. पाण्यात दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाचे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे मणी सोडायचे, स्लाइड बंद करायची, मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावायचा आणि मणी थरथरत कसे भरकटतात ते टिपायचं. ब्राउनियन मोशन. याचं गणित आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं. मण्याचा आकार, पाण्याचा चिकटपणा आणि तापमान कळलं की तो किती झपाट्याने पसरणार हे कागदावर काढता येतं. वीस अंशाला आमचं उत्तर होतं सेकंदाला साधारण 0.21 चौरस मायक्रॉन.

आणि उत्तर आधी माहीत असणं, तिथेच माझं मुंबईचं वळण आडवं आलं.

आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहितात ते ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगायला नको. सिनियरचं जर्नल मिळवायचं, शेवटचा आकडा बघायचा आणि तिथून उलटं वर चढत यायचं. रीडिंग्स पेन्सिलीने, कारण सर बघेपर्यंत ती बदलू शकतात. मी यात तरबेज होते. एक रीडिंग जरा वाकडं ठेवायचं, म्हणजे खरं वाटतं, ही युक्ती आमच्या बॅचमध्ये माझीच. ते खोटं आहे असं कधी मनातही आलं नाही. जर्नल सहीसाठी असतं, एवढंच.

ग्योटिंगेनमध्ये मी पहिले तीन आठवडे तेच केलं, फक्त जरा सभ्यपणे. आकडे बदलले नाहीत, गाळले. सकाळची रीडिंग्स 0.20, 0.21, 0.22. दुपारची मात्र 0.17, 0.16, 0.17. माझा हात दुपारी सुस्तावतो, मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, बटाटे जास्त होतात, असं काहीतरी ठरवून मी दुपारच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दिल्या. सरासरी सुंदर आली.

माझा गाइड पोस्टडॉक होता, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारा, फार न बोलणारा. त्याने आलेख पाहिला, मग माझी वही उलटली आणि विचारलं, “पेन्सिल का?” मी म्हटलं, चुकलं तर खोडता यावं म्हणून. तो थोडा वेळ वहीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “खोडलेलं कुठे आहे?”

फोल्डर उघडून दाखवावा लागला. कानशिलं इतकी तापली होती की बस. तो चिडला असता तर परवडलं असतं. पण तो खुर्ची ओढून बसला. असल्या एकट्या पडलेल्या रीडिंगला जर्मनमध्ये ‘आउसरायसर’ म्हणतात म्हणाला, घरातून पळून गेलेल्या पोरालाही तोच शब्द. मग त्याने माझा दिवस विचारायला सुरुवात केली. स्लाइड कधी बनवतेस? साडेअकराला. दुपारी नवीन बनवतेस? नाही, तीच वापरते. मध्ये किती वेळ? तासभर. आणि जेवून आल्यावर सगळ्यात आधी काय करतेस?

फोकस. फोकसचा नॉब थोडा फिरवून खाली घ्यायचा. रोज. हे मी वहीत एकदाही लिहिलं नव्हतं, कारण नॉब फिरवणं म्हणजे काही रीडिंग नव्हे.

पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जड. पण दोन मायक्रॉनचा मणी सेकंदाला साधारण एक दशांश मायक्रॉन खाली सरकतो, म्हणजे मी बटाटे खात असताना सगळे मणी तळाच्या काचेजवळ जाऊन बसत होते. काचेलगत पाणी मोकळेपणी बाजूला सरत नाही, मण्याला अडखळायला होतं, आणि पसरण्याचा आकडा उतरतो. 0.17 ही चूक नव्हतीच. तो काचेचा आकडा होता. उरलेले सात आठवडे मी मुद्दाम तळापासून वेगवेगळ्या उंचीवर मोजत बसले, आणि माझ्या रिपोर्टमध्ये वाचण्यासारखं जे काही आहे ते त्या टाकून दिलेल्या फोल्डरमधून निघालंय.

लॅबच्या फ्रिजवर जुन्या दहा मार्कांच्या नोटेची झेरॉक्स चिकटवलेली होती. युरो येण्याआधीची नोट : गाउसचा चेहरा आणि शेजारी त्याची घंटेसारखी वक्ररेषा. मोजमापातल्या चुका कशा विखुरतात याचा हिशोब मांडणारा हा माणूस ग्योटिंगेनचाच, 1855 मध्ये तिथेच वारला. त्याची कबर अल्बानी दफनभूमीत आहे. रविवारी सगळी दुकानं बंद, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, करायला काही नाही, म्हणून मी दोन-तीनदा तिथे जाऊन बसले. एकदा तिथूनच आईला फोन केला. भांडुपला मध्यरात्र उलटली होती, धो धो पाऊस, आणि आई विचारत होती, “कुठेयस तू?” स्मशानात, असं काही सांगितलं नाही. बागेत म्हटलं.

परत आले त्याच आठवड्यात धाकटा भाऊ अकरावीचं फिजिक्सचं जर्नल घेऊन जमिनीवर फतकल मारून बसला होता. सिंपल पेंड्युलम : दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या झोक्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, 9.8.

“ताई, 9.8 यायला टाइम किती टाकू?”

“तुझं किती आलं?”

“9.5. पण ते चुकलंय.”

“दोरा कुठून कुठपर्यंत मोजलास?”

“हुकापासून गोळ्यापर्यंत.”

“गोळ्याच्या वरपर्यंत की मध्यापर्यंत?”

त्याने पेन्सिल तोंडात धरून वर बघितलं. पंख्याकडे. बराच वेळ. मग म्हणाला, “वरपर्यंत. पण ताई, सबमिशन उद्याच आहे गं.”