तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांचा निबंध सुधारायचा कसा?

बडोद्यातले मराठी आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. मुलगी गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकते, घरी छान मराठी बोलते, पण मराठी मंडळाच्या निबंधस्पर्धेला बसली की दहा ओळींत आटपते. तिला काय वाचायला देऊ?

वाचायला जरूर द्या. सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, घेऊन जा तिला. पण नुसत्या वाचनाने निबंध सुधारत नाही. तोच निबंध दुसऱ्यांदा लिहिला की सुधारतो, आणि हे काम जवळजवळ कुणीच करून घेत नाही. दर आठवड्याला नवा विषय, लाल शेरा, वही बंद. त्यापेक्षा पंधरा दिवसांत एकच विषय घ्या आणि तो दोनदा लिहून घ्या. वहीचं उजवं पान पहिल्या खेपेला, समोरचं डावं पान दुसऱ्या खेपेसाठी कोरं. दोन्ही समोरासमोर असली की काय बदललं ते मुलाला स्वतःला दिसतं.

समजा, विषय आहे ‘आमची नदी’. उजव्या पानावर बहुधा असं येतं: ‘विश्वामित्री ही आमच्या शहराची जीवनवाहिनी आहे. तिचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. नदी आपल्याला खूप काही देते.’ यात विश्वामित्रीच्या जागी गोदावरी घाला, काही बिघडत नाही. हीच माझी कसोटी आहे. नाव बदलूनही जे वाक्य तसंच चालतं, ते खोडायचं.

मग लिहायचं काय? कच्च्या कागदावर दहा मिनिटांत नदीबद्दलच्या दहा गोष्टी टिपायला सांगा. वाक्यं नकोत, नुसत्या नोंदी: पावागढच्या डोंगरात उगम, सयाजीबागेजवळून वाहते, काळाघोड्याचा पूल, मगरी, आजवा धरणाचं पाणी सोडलं की पातळी वाढते, 2024 च्या ऑगस्टमधला पूर, वास, कचरा. दहापैकी चारच ठेवायच्या. मुलांना हे टाकून देणं फार जड जातं, त्यांना वाटतं सगळं लिहिलं की मार्क जास्त. उलट दहा गोष्टी कोंबल्या की प्रत्येकीला दीड ओळ मिळते आणि एकही नीट सांगून होत नाही. चार ठेवल्या की प्रत्येकीचा साठ-सत्तर शब्दांचा परिच्छेद होतो. चार परिच्छेद म्हणजे अडीचशे शब्द झालेच.

डाव्या पानावरचा परिच्छेद मग असा होऊ शकतो: ‘काळाघोड्याच्या पुलावरून खाली पाहिलं की काठच्या चिखलात एखादा ओंडका पडलेला दिसतो. तो हलला की कळतं, मगर आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा अशा मगरी वस्तीत शिरल्या होत्या. आमच्या नदीला लोक भितात, तरी येताजाता पुलावर थांबून तिच्याकडे बघतात.’ एकही अवघड शब्द नाही. सातवीतलं मूल हे लिहू शकतं. उभं राहायची जागा आहे, डोळ्यांना दिसलेली गोष्ट आहे, एक खरी घटना सालासकट आहे आणि शेवटी लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं आहे. परिच्छेदात या चारांपैकी तीन गोष्टी असल्या तरी पुष्कळ झालं.

सुरुवात शेवटी लिहायची. पहिल्या वाक्यावर अडून मुलं निम्मा वेळ घालवतात आणि मग पाठ केलेला सुविचार टाकतात. वर चार ओळी कोऱ्या सोडून थेट दुसऱ्या परिच्छेदापासून लिहू द्या.

आता शुद्धलेखन. इथे आईवडिलांचाच हात आखडता असायला हवा. सगळं पान लाल केलं की पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीचे शब्द वापरतं आणि निबंध आणखी आक्रसतो. एका निबंधाला एकच प्रकारची चूक धरा. बडोद्यातल्या मुलांसाठी पहिली चूक ठरलेली असावी, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार. गुजरातीत कवि, गुरु असं लिहायची सवय असते. मराठीत 1962 पासूनच्या नियमांप्रमाणे शेवटचं अक्षर दीर्घ: कवी, गुरू, शत्रू. पण हाच शब्द समासात आधी आला की पुन्हा ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे अपवाद. एवढं पंधरा दिवस घोटलं की पुढचे पंधरा दिवस लिंग घ्या. ‘चहा पिली’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, कारण गुजराती आणि हिंदी दोन्हींत चहा स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘चहा प्यायला’. ही चूक कानाची आहे, नियम पाठ करून जात नाही. निबंध मोठ्याने वाचून घेतला आणि तिथे थांबवलं की जाते.

मोठ्याने वाचणं दुसऱ्या दिवशी, लगेच नाही. लगेच वाचलं तर डोक्यात असलेलं वाक्य कागदावर आहे असंच वाटतं. जिथे वाचताना श्वास संपतो तिथे वाक्य तोडायचं. वीस शब्दांच्या पुढे गेलेल्या वाक्यात बहुधा दोन ‘आणि’ असतात, त्यातला एक काढून पूर्णविराम. दुसऱ्या खेपेत निबंध पाचव्या हिश्श्याने लहान झाला तर काम बरोबर चाललंय.

स्पर्धा किंवा परीक्षेसाठी आधी घरी एकदाच मोजून ठेवा, मुलाच्या अक्षरात एका ओळीत शब्द किती बसतात. आठ बसत असतील तर अडीचशे शब्द म्हणजे साधारण बत्तीस ओळी. मग तिथे शब्द मोजत बसावं लागत नाही. अर्ध्या तासातली पाच मिनिटं नोंदी आणि काटछाट, वीस मिनिटं लेखन, शेवटची पाच वाचायला. ही शेवटची पाच मिनिटं वाचवण्यासाठी एखादा परिच्छेद कमी लिहावा लागला तरी चालेल.

आणि घरून लिहून न्यायचा निबंध असेल तर तो तुम्ही लिहून देऊ नका. चाळिशीतल्या माणसाची वाक्यं बारा वर्षांच्या अक्षरात परीक्षकाला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. तुम्ही फक्त विचारा, ‘तू हे कुठे उभं राहून पाहिलंस?’ उत्तर तिने तोंडी दिलं की म्हणा, आता हेच लिही.