निकालवाचन: दादरा-नगरहवेलीचा खटला, बहुमत संपलं

पोर्तुगाल विरुद्ध भारत, आंतरराष्ट्रीय न्यायालय, १२ एप्रिल १९६०. दमणहून भारताच्या हद्दीतून दादरा-नगरहवेलीतल्या आपल्या गावांपर्यंत ये-जा करण्याचा हक्क आहे, असा पोर्तुगालचा दावा. माझा बहुमताचा निकाल वाचून झाला, भिन्नमतं बाकी आहेत. रूढीतून देशांवर बंधनकारक कायदा कसा तयार होतो, हे इतकं उघड्यावर क्वचितच बघायला मिळतं.

१९५७ चा प्राथमिक आक्षेपांवरचा, म्हणजे खटला मुळात चालू शकतो का यावरचा, निकाल भराभर उरकला. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ ला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ तारखेला भारताविरुद्ध अर्ज ठोकला. भारताने सहा आक्षेप घेतले. चार फेटाळले गेले, दोन मूळ सुनावणीवर ढकलले. भारताच्या १९७४ च्या घोषणेत, समोरच्या देशाने मान्यता देऊन बारा महिने झालेले नसतील तर खटला चालणार नाही, अशी अट होती. तिच्यामागे हाच अनुभव असावा, असा माझा कयास.

खरा रस १९६० च्या निकालात. पोर्तुगालची भिस्त मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर. हेगचे न्यायाधीश पेशवाईतला वसुलीचा कारभार समजून घेतायत, हे वाचायला भारी मजा येते! निष्कर्ष असा की मराठ्यांनी वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम, म्हणजे वसुलीचा हक्क, दिला होता, गावांवरचं सार्वभौमत्व नाही. वाटलं, पोर्तुगाल इथेच आडवा झाला. पण पुढे ब्रिटिशांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मुकाट मान्य केली, नंतर भारतानेही, आणि न्यायालयाने तेच धरलं.

मग रूढी. फक्त दोन देशांमध्ये स्थानिक रूढी असूच शकत नाही, हा भारताचा मुद्दा. न्यायालयाला त्यात काही अडचण दिसली नाही. दमण आणि या गावांमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य लोक, मुलकी अधिकारी आणि माल बिनबोभाट ये-जा करत होते, राज्य बदललं तरी. तेव्हा भारताच्या नियंत्रणाखाली का होईना, तेवढा हक्क आहे: ११ विरुद्ध ४. फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं आणि दारूगोळा यांचा हक्क मात्र नाही: ८ विरुद्ध ७. कारण तिथे परवानगी लागायची. फौजेबाबत तर १८७८ च्या करारातच रीतसर विनंतीची अट होती. ज्याला दरवेळी विचारावं लागतं, तो हक्क कसला? रस्ता तोच, पण कोण जातंय यावर उत्तर बदलतं. हा भाग मी सावकाश, पेन्सिल घेऊन वाचला.

शेवटचा प्रश्न, भारताने तो हक्क मोडला का? नाही, ९ विरुद्ध ६. जुलै १९५४ मध्ये दादऱ्यातली पोर्तुगीज सत्ता उलथली, भोवताली तणाव होता, म्हणून वाट अडवणं नियंत्रणाच्या अधिकारात बसलं. मला हे जरा घाईचं वाटलं. हक्क आहे, पण गरजेच्या वेळी वापरता येत नाही! शिवाय न्यायालय जपून ‘१९५४ मध्ये’ हक्क होता एवढंच म्हणतं. १९६० चं काय, ते बोलत नाही.

आता तदर्थ, म्हणजे दोन्ही देशांनी या खटल्यापुरते नेमलेल्या, न्यायाधीशांची भिन्नमतं. भारतातर्फे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला, पोर्तुगालतर्फे फर्नांडिस. दोघेही बहुमतावर नाराज. त्यानंतर १९५० चा कोलंबिया विरुद्ध पेरू हा राजकीय आश्रयाचा खटला घेतोय. तिथे व्यवहारात सातत्य नाही म्हणून लॅटिन अमेरिकेतली प्रादेशिक रूढी टिकली नाही, त्यामुळे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायचे आहेत. कोणी जोडीला असेल तर कळवा.