जास्वंदीवरची पांढरी माशी: सहा आठवड्यांची नोंद

४ ऑक्टोबर
गच्चीतल्या लाल जास्वंदीची पानं चिकट झालीत, वर काळी काजळी धरलीय, खोडावर मुंग्यांची रांग. पान उलटलं तर कापूस चिकटल्यासारखं पांढरं. आधी पिठ्या ढेकूणच वाटला. फांदी झटकली आणि पिठासारख्या इवल्याशा माश्या भुर्रकन उडाल्या. भिंगाखाली मेणाची गोल-गोल फिरत गेलेली रेघ दिसली, बोटाच्या ठशासारखी, आणि तिच्यात अंडी. म्हणजे ही चक्राकार पांढरी माशी. भारतात तिची पहिली नोंद १९९३ची, केरळातली. पेरू, पपई, चाफाही तिला चालतो. खाली अंगणात पेरू आहे, माझा संशय त्याच्यावरच.

५ ऑक्टोबर
जास्त भरलेली पानं तोडून पिशवीत घालून गाठ मारली. बाकीची पाईपच्या धारेनं खालून धुतली. पिवळे चिकट सापळे टांगले. त्यात फक्त उडणाऱ्या माश्या सापडतात, पिल्लं पानाला चिकटून रस ओढतच राहतात. सापळा भरला म्हणजे काम झालं असं समजू नका.

७ ऑक्टोबर
एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून घेतलेलं (नाहीतर तेल वर तरंगतं). फवारलं सकाळी अकराला, उन्हात. चूक झाली. दोन दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या.

१४ आणि २१ ऑक्टोबर
पुन्हा फवारणी, आता ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालून. आठवड्याला एकदा करावीच लागते, कारण अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, त्यातून निघालेली पिल्लं पुढच्या खेपेला सापडतात. काजळी ओल्या फडक्यानं पुसली. खोडाला पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावल्यावर मुंग्या थांबल्या.

२ नोव्हेंबर
सगळ्यात महत्त्वाचं आज दिसलं. दोन पानांवर पांढऱ्या पिल्लांमध्ये काही काळी ठिक्कर. धुऊन टाकणार होते, तेवढ्यात भिंग लावलं. काहींच्या पाठीला सुबक गोल भोक! माशी बाहेर पडताना टी अक्षरासारखी चीर पाडते, गोल भोक पाडून निघते ती एन्कार्सिया, पिल्लाच्या पोटात वाढणारी इवलीशी गांधीलमाशी. म्हणजे मदतनीस आपणहून आले होते. मी फवारणी तिथंच बंद केली. काळी पिल्लं असलेली पानं तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

१५ नोव्हेंबर
नव्या फुटीवर एकही रेघ नाही. जुन्या पानांवर काळी पिल्लं वाढलीत. तीन कळ्या आहेत. रविवारी खालच्या पेरूची पानं भिंगाखाली बघायची आहेत.